टाकीवरची हातभर नळी

फोन आला तेव्हा मी ओसरीत अंबाडीची भाजी निवडत बसले होते. सकाळचे साडेनऊ झाले असतील. फोन कुसुमचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, वसंताच्या बायकोचा. ती सकाळी कधी फोन करत नाही. पाणी, स्वयंपाक, डबा सगळं आटोपलं की दुपारी दोननंतर तिला बोलायला सवड. उचलला तर म्हणाली, "ताई, तुमच्याजवळ घरी कोणी आहे काय?" मी म्हटलं, "कोणी नाही, सांग." पण तिच्या त्या प्रश्नातच मला समजलं होतं. वसंता दाढी करता करता आरशासमोर खाली बसला आणि उठलाच नाही. अडुसष्ट वर्षांचा होता. एका गालावर साबण तसाच होता, असं ती नंतर म्हणाली. ज्या माणसानं अर्ध्या कामापायी लोकांशी जन्मभर भांडणं केली, त्याच्या नशिबी हे... जाऊ द्या.

याला आता सहा आठवडे झाले. त्या दिवशी मी अमरावतीहून बसनं अकोल्याला गेले. बडनेरा मागं पडलं की थोड्या वेळानं रस्त्याला एक जागा येते, तिथं आधी बाभळी होत्या, आता ढाबा झाला आहे. एकतीस वर्षं झाली, ती जागा आली की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागते, बाहेर पाहत नाही. त्या दिवशी पाहिलं. तिथं आमची व्हॅन जळली होती, आणि त्या आगीचा ठपका वसंताच्या नावावर लागला तो कायमचा लागला. सख्ख्या बहिणीच्या गाडीचं काम अर्धं सोडलं आणि घरच्या जावयाचा हात घालवला, असा हा मेकॅनिक. अमरावतीत लोक असं बोलले, अकोल्यात बोलले, माझ्या स्वतःच्या घरात बोलले. ते खोटं होतं. खोटं आहे हे दोन माणसांना माहीत होतं, त्याला आणि मला. त्यातली आता मी एकटी उरले, म्हणून लिहायला बसले. शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली, पुढचं सारं पेपरातल्या अशा पुरवण्या वाचून वाचून आलं. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

वसंता काय काम करायचा ते आधी सांगते, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. जुन्या पेट्रोल व्हॅन असतात ना, गोल दिव्यांच्या, बाजूला सरकत्या दाराच्या, त्यांची टाकी मागं आणि इंजिन पुढच्या सीटखाली. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत जातं ते गाडीच्या पोटाखालच्या एका लांब लोखंडी नळीतून. जिथं जिथं जोड आहे तिथं रबरी नळीचे तुकडे, वरून क्लिपा आवळलेल्या. या सगळ्याला ते लोक पेट्रोल लाइन म्हणतात. लोखंड टिकतं, रबर म्हातारं होतं. वरून काळं तुळतुळीत दिसतं आणि आतून उन्हाळ्यातल्या टाचांसारखं भेगाळतं. वसंता जुनी नळी काढली की ब्लेडनं उभी चिरायचा, मालकाला जवळ बोलवायचा आणि वाकवून दाखवायचा, "पाह्य, वरून नवरदेव अन् आतून काय हाल आहे ते पाह्य." मालकाचा चेहरा पडायचा. मग तो चिरलेला तुकडा त्याच्याच हातात द्यायचा. गेल्या काही वर्षांत पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून यायला लागलं, ते या जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून तर त्याच्याकडं रांग लागायची. बँडवाल्यांची व्हॅन, आइसकांडीवाल्याची व्हॅन, एका रिटायर मास्तरांची व्हॅन, जे तिच्यात गादी टाकून दर हिवाळ्यात बायकोला घेऊन सेमाडोहच्या जंगलात जायचे. नवीन गाडी घ्यायची ऐपत असलेलेही होते त्यात. पण जीव जडतो माणसाचा, त्याला काय करणार.

आमचं माहेर मूर्तिजापूरजवळचं. बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. सरकीच्या वासात आणि ग्रीसच्या डागांत आम्ही वाढलो. मी सहा वर्षांनी मोठी, म्हणून वसंता माझ्या कडेवरच होता म्हणा ना. बाबा त्याला पाने ओळखायला शिकवायचे, हा दहा-अकराचा, हा बारा-तेराचा, आणि हा बहाद्दर डोळे मिटून बोटानं चाचपून सांगायचा. माझं लग्न अमरावतीत झालं. आमचे हे पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. काय अक्षर होतं त्यांचं! चहाच्या टपरीची पाटी रंगवली तरी लोक थांबून पाहायचे. मी रोडग्यांच्या पंगतीचे ऑर्डर घ्यायला लागले. वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते, रोडगे म्हणजे कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, तूप ओतून वांग्याच्या भाजीसोबत खायचे. नवस फेडायला शेतात, देवळात शंभर-दीडशे माणसांची पंगत असायची. पराती, गंज म्हणजे मोठी पातेली, गोवऱ्यांची पोती न्यायला गाडी लागायची, म्हणून आम्ही एक व्हॅन घेतली, आमच्याआधी दोघांनी वापरलेली. वसंता तोवर अमरावतीत दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये काम शिकून तयार झाला होता, आणि स्वतःचं गॅरेज टाकायच्या गोष्टी करायचा. जागाही पाहून ठेवली होती त्यानं, राजापेठेकडं. आमची व्हॅन म्हणजे त्याची पहिली पेशंट.

त्या वर्षी नवरात्रात गाडीला पेट्रोलचा वास यायला लागला. वसंतानं खाली घुसून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, लाइन गेली तुही. अख्खी बदलतो." दसऱ्याच्या दिवशी मूर्तिजापूरकडं एका शेतात आमची पंगत होती, सकाळी सातला निघायचं होतं. अष्टमीला तो आमच्या अंगणात दिवसभर गाडीखाली पडून होता. पुढून मागं येत येत त्यानं सगळे तुकडे बदलले, लांब नळीही नवी टाकली. संध्याकाळी अंधारून आलं तेव्हा एकच तुकडा राहिला होता, टाकीच्या डोक्यावरचा. हातभर नळी. पण ती काढायची तर पेट्रोल उपसून टाकी खाली उतरवावी लागते, अर्ध्या दिवसाचं काम. म्हणाला, उद्या सकाळी येतो. आणि पान्यांची पेटी आमच्या ओसरीतच ठेवून गेला.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते हे काय सांगायचं. ज्याची भाकर ज्या हत्यारावर, ते धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हत्यारालाही एक दिवस विसावा. मी पहाटे उठून न्हाले. माझ्या विळ्या, झारे, उलथणी मांडली. ह्यांचे ब्रश मांडले. वसंताची पेटी दिसली. कौतुकानं, देवाशपथ कौतुकानं, मी त्याचा एकेक पाना रॉकेलनं पुसला, धुतला, लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावला, कुंकवाची बोटं ओढली, वर झेंडूची फुलं ठेवली. त्याला विचारलं नाही. मोठ्या बहिणीनं लहान भावाला काय विचारायचं?

आठच्या सुमाराला आला, बाह्या दुमडूनच.

"ताई, पेटी कुठी ठेवली?"

"पूजेत मांडले तुहे पाने. पाह्य कसे चकचकीत केले."

पाहून हसला तो. मग म्हणाला, "मले टाकी उतरवाची आहे ना."

"आज नाही. पूजेतलं उचलत नसतात."

"उद्या तर तुमी साताले निघून राहिले."

"मंग परवा उतरव. हातभर तर नळी राहिली. इतके वर्षं चालली, दोन दिवसात काय मरते?"

"ताई, तीच सगळ्यात जुनी आहे."

"अन् देवी काय कालची आहे?" मी म्हटलं. "मोठा आला मेकॅनिक. बस, चहा घे."

बसला. चहा घेतला. दुसरीकडून पाने आणावे तर त्या दिवशी साऱ्या गावचे पाने पूजेत. जाताना गाडीजवळ थांबला, खाली वाकून पाहिलं, आणि म्हणाला, "टाकी भरू नका. अर्धीच ठेवा म्हणजे तिथवर पेट्रोल नाही येत." मी म्हटलं, सांगते. आणि कामाच्या गडबडीत ह्यांना सांगायचं विसरले. हेही लिहून ठेवते. पूजेचं एक वेळ भाबडेपण म्हणता येईल, याला काय म्हणायचं ते मला आजवर सापडलं नाही.

दसऱ्याला पहाटे ह्यांनी लांबचा पल्ला म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरली. मागं पराती, भाजीची वांगी, आणि गोवऱ्यांची दोन पोती. बडनेरा ओलांडलं आणि मला वास आला. मी ह्यांना म्हटलं, "पेट्रोलचा वास येऊन राहिला काय?" हे म्हणाले, "कालपरवा काम झालं, राहतेच वास." मीही मान हलवली. पुढं दहा मिनिटांत मागून धूर दिसला. गाडी बाजूला घेऊन उतरलो. जुनी नळी फाटली होती आणि पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकत होतं. मला ओढून लांब ढकललं ह्यांनी आणि स्वतः मागं धावले, गोवऱ्यांची पोती बाहेर ओढायला. ती पेटली तर गाडी गेलीच, असं त्यांच्या डोक्यात. पहिलं पोतं निघालं. दुसरं हातातच पेटलं. शेतातली माणसं धावली, त्यांनी माती फेकली, ह्यांना मागं खेचलं. गाडी वाचली नाही. ह्यांचा उजवा हात वाचला म्हणायचा, पण बोटं एकमेकांना चिकटून आखडली, ती पुन्हा ब्रशाभोवती कधी वळली नाहीत.

अमरावतीच्या दवाखान्यात, वार्डाच्या दाराशी, माझे मोठे दीर आणि बाकीची मंडळी उभी होती. मी थर्मास हातात घेऊन भिंतीला टेकले होते. वसंता धावत आला. कामाचाच शर्ट, केस विस्कटलेले. दिरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "लाइन कोणं बदलली होती?"

"मी."

"सारी बदलली?"

वसंतानं माझ्याकडं पाहिलं. क्षणभरच. मी आता सांगते, ते पाहणं मदत मागण्याचं नव्हतं. मी सांगू नये म्हणून ते होतं. "टाकीवरची माह्याकडून राहून गेली," तो म्हणाला. दिरांनी त्याच्या कानशिलात मारली. तो तसाच उभा राहिला. आणि मी... मी थर्मासचं झाकण घट्ट करत राहिले. ते आधीच घट्ट होतं.

राजापेठेतलं गॅरेज झालं नाही. कोण देणार गाडी? "बहिणीचीच गाडी जाळली त्यानं, आपली काय ठेवते," हे वाक्य मी भाजीबाजारात माझ्या कानांनी ऐकलं आहे. वर्षभरात तो कुसुमला घेऊन अकोल्याला गेला, मोर्णेच्या पुलाअलीकडं एक टिनाचं शेड भाड्यानं घेतलं आणि सायकली, स्टोव्ह, मिळेल ते दुरुस्त करत पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. हळूहळू जुन्या व्हॅनही यायला लागल्या. ह्यांनी त्याचं नाव टाकलं. भाऊबिजेला वसंता यायचा, दर वर्षी यायचा, आणि हे त्या दिवशी सकाळीच बाहेर निघून जायचे. मी ओवाळायचे. तो खाली मान घालून बसायचा आणि म्हणायचा, "भाऊजींचा हात कसा आहे?" हे डाव्या हातानं मोठी अक्षरं काढायला शिकले, भिंतीवरची, ठसठशीत. बारीक अक्षर गेलं ते गेलंच.

एकदा मी ह्यांना सांगितलं. आगीनंतर चारपाच वर्षांनी, जेवण वाढताना. "वसंताची चूक नव्हती. मी पाने पूजेत मांडले, मी त्याले थांबवलं." हे घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडं पाहत राहिले, मग म्हणाले, "भावाले वाचवासाठी स्वतःवर घेऊन राहिली काय? बहिणीची माया आहे, समजते मले." आणि पुढचा घास घेतला. मी पुन्हा बोलले नाही. खरं सांगितलं, त्यांना पटलं नाही, माझा काय दोष, असं स्वतःला समजावून मी मोकळी झाले. मोकळी कसली... मला पुन्हा सांगता आलं असतं. देवीसमोर शपथ घेऊन सांगता आलं असतं. हे आठ वर्षांपूर्वी गेले, तेच मनात धरून गेले. शेवटच्या आजारात वसंता अकोल्याहून येऊन दवाखान्यात बाहेरच्या बाकावर तीन दिवस बसला. आत बोलावणं आलं नाही.

ह्यांच्या तेरवीनंतर मी वसंताला विचारलं, "तू कधीच काहून नाही सांगितलं रे?" तो अंगणात चप्पल घालत होता. म्हणाला, "सांगून काय झालं असतं? माह्याशी भाऊजींले वर्षातून एकदा तोंड चुकवावं लागे. तुह्यासंग तर रोज राहाचं होतं त्याईले. त्याईनं तुह्या हातचं जेवण सोडलं असतं तं?" मी रडायला लागले तसा चिडला. "रडू नको. अन् सारं तुहंच होतं असंही समजू नको. तू स्वयंपाकीण, मेकॅनिक मी होतो. मले नाही म्हणता आलं पाहिजे होतं. गाडीची चाबी खिशात टाकून निघून गेलो असतो तर तू काय केलं असतं? तेव्हा नाही म्हणता आलं, म्हणून आता म्हणतो."

आणि तो म्हणायचा. त्याच्या नाही म्हणण्याची अख्ख्या अकोल्यात ख्याती होती. लाइन बदलायची तर टाकीपासून शेवटच्या क्लिपेपर्यंत, नाहीतर गाडी घेऊन जा. मी एकदा त्याच्या शेडमध्ये स्टुलावर चहा पीत बसले होते, चारेक वर्षं झाली असतील. बँडवाल्यांची व्हॅन आली. मालक तालेवार गडी, मिशा पिळदार. म्हणाला, "भाऊ, पुढचाच पाइप बदलून द्या. टाकी उतरवू नका, उद्या लग्नाची वरात आहे."

"वरात उद्या आहे तं गाडी परवा घेऊन या."

"अन् उद्या काय ढोल डोक्यावर नेऊ?"

"न्या ना. माणसं बारा, डोके बारा."

शेजारच्या गॅरेजचे रफीकभाई हसले. तो गडी मात्र तापला. "सारे मेकॅनिक करून देतात, तुमालेच मोठी अक्कल. अमरावतीले सख्ख्या बहिणीची गाडी जाळून आला माणूस, अन् आमाले शिकवून राहिला."

वसंतानं हातातला पाना खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाला, "हो, जाळली. म्हणूनच सांगून राहिलो. हातभर राहिली होती." तो गडी वरमला. गाडी ठेवून गेला, वरातीला टेम्पो केला म्हणे. आणि ती बहीण दोन हातांवर, स्टुलावर, कपबशी घेऊन बसली होती. तिला उठून एवढंच म्हणायचं होतं की मीच ती, आणि यानं जाळली नाही. माझ्या ओठावर आलं होतं. चहा गार झाला. परत येताना त्यानं मला बसमध्ये बसवून दिलं, खिडकीतून संत्र्यांची पिशवी दिली, आणि म्हणाला, "त्याचं मनावर घेऊ नको." माझं त्यानं समाधान केलं! त्या दिवशी मी ठरवलं की आता सांगायचंच, पुढच्या भाऊबिजेला सगळ्यांना बसवून सांगायचं. चार भाऊबिजा गेल्या.

वसंताच्या तेरवीला मी अकोल्यात होते. जेवणं उरकली, माणसं पांगली. शेडमध्ये एक निळीपांढरी व्हॅन विटांवर उभी होती, ती त्या सेमाडोहवाल्या मास्तरांची. तिची टाकी उतरवून जमिनीवर ठेवलेली, आणि नवी नळी मापानं कापून सीटवर गुंडाळून ठेवलेली. वसंतानं जायच्या आदल्या संध्याकाळी कापली होती. मास्तर हात जोडून म्हणाले, घाई नाही. पण रफीकभाई आपली पेटी घेऊन आले आणि गाडीखाली शिरले. खालूनच बोलले, "वसंतभाऊ के शेडमधून अधुरी गाडी नाही जात, बाप्पा." दोन तास लागले त्यांना. जुनी नळी काढली ती त्यांनी ब्लेडनं उभी चिरली, वाकवली, आणि दाखवायला कोणी नाही म्हणून थोडा वेळ आपणच पाहत बसले.

त्यानंतर मी कुसुमला आत घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. पाने, पूजा, अर्धी टाकी, दवाखान्याचं दार. मला वाटलं होतं ती म्हणेल, माहीत होतं मले, त्याईनं सांगितलं होतं. तिला माहीत नव्हतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं त्यानं. ती म्हणाली, "मी त्याईले बोलत होती, ताई. घरात काही झालं, भांडण झालं की मी तेच काढत होती. आपल्या बहिणीचं काम ज्याले नाही पुरं करता आलं, त्याच्या पदरात मले टाकलं बापानं, असं बोलली मी. एकदा नाही, चाळीसदा. अन् हा माणूस भाकर खात राहे." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "आता मी कोणाले माफी मागू? तुमी तर मले सांगून हलक्या झाल्या."

मी म्हटलं, "कुसुम, मी पाया पडते तुह्या."

"माह्या पाया पडून काय होते? मी काय बोललं त्याईले चार भिंतीत बोललं. लोकं तर चौकात बोलले. मले एकटीले सांगू नका, लोकाईले सांगा. तुमी पेपरातल्या पुरवणीत लिहिता ना, रोडग्याचं लिहिता, लोणच्याचं लिहिता. हे लिहा."

त्या दिवशी तिनं मला चहा विचारला नाही. मी शेवटच्या आधीची बस धरून परत आले. त्या बाईचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तर हे लिहिलं. चार वेळा फाडलं, कारण दर वेळी मी स्वतःला कुठंतरी सूट दिलेली सापडायची. पाचव्यांदा लिहिलेल्याचे माझ्या सुनेनं मोबाइलवर फोटो काढून कुसुमला पाठवले. चार दिवस काही उत्तर नाही. पाचव्या दिवशी दुपारी दोननंतर तिचा फोन आला. तिच्या वेळेला. "वाचलं," म्हणाली. "एक चुकलं आहे. तुमी सगळीकडं वसंता, वसंता लिहून ठेवलं. तुमच्यासाठी वसंता. लोकाईले काय समजते? अकोल्यात असे छप्पन वसंता आहेत. नाव पुरं लिहा. कोणत्या गॅरेजवाला तेही लिहा. ज्यानं ज्यानं त्याईले बोललं त्याले समजलं पाहिजे का हा तोच माणूस." मी म्हटलं, लिहिते. मग ती म्हणाली, "अन् अंबाडी निवडून राहिल्या होत्या म्हणता... भाजी केली का नाही मंग त्या दिवशी? का सुकली?" मी म्हटलं, सुकली. "हं," म्हणाली, आणि ठेवला फोन.

वर मी वसंता, वसंता लिहिलं ते तसंच राहू दिलं आहे, ते माझं आहे. तिचं म्हणणं इथं लिहिते. वसंत किसनराव भुयार, पेट्रोल लाइनवाले, मोर्णेच्या पुलाअलीकडं, टिनाचं शेड, अकोला. यांनी बहिणीच्या गाडीचं काम अर्धं सोडलं नव्हतं. ते सकाळी आठ वाजता टाकी उतरवायला आले होते. बहिणीनं उतरवू दिली नाही.